टिकलें तेंच श्रेष्ठ काय?

जगांत जें टिकतें तें श्रेष्ठ आणि जें लयास जातें तें त्याच लायकीचें, हा न्याय इतिहास लिहिणारांस फार सोयीचा वाटतो. गेलेल्याची बाजू मांडावयास कोणी उभें राहत नाहीं, त्यामुळें निकालहि लवकर लागतो. अमेरिकेंतील मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासांत असाच एक एकतर्फी निकाल लागलेला आहे, आणि त्यावर आमचें अपील आहे.

दुकानांत मिळणाऱ्या मोटारीचीच शर्यत लावावयाची, हें ‘नॅस्कार’ संस्थेचें मूळ तत्त्व. १९४९ सालीं शार्लट येथें या तत्त्वावर पहिली शर्यत झाली. तींत ग्लेन डनवे सर्वांच्या पुढें आला. पण त्याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळतांच त्याला बाद ठरवून जिम रोपर याला विजयी ठरविण्यांत आलें. पुढें १९५६ सालीं याच संस्थेनें उघड्या टपाच्या मोटारींसाठीं स्वतंत्र शर्यतमाला सुरू केली. छप्पर नाहीं, चालकाच्या रक्षणास काय ती एक पोलादी कमान. त्यामुळें चाकावरचे हात आणि वळणावर तिरकी होणारी मान प्रेक्षकांस स्पष्ट दिसे. पहिल्याच वर्षीं कर्टिस टर्नर यानें २२ शर्यती जिंकल्या, तरी गुणांच्या बेरजेनें अजिंक्यपद बॉब वेलबॉर्न याला मिळालें व १९५८ पर्यंत त्याच्याकडेंच राहिलें. बेधडकपणा श्रेष्ठ कीं सातत्य, हा वाद रंगण्याजोगा होता. परंतु १९५९ च्या हंगामानंतर ही मालाच बंद झाली.

रूढ निकाल असा कीं, उघड्या मोटारीला वारा अडवितो, म्हणून ती मंद. मंद, म्हणून मोठ्या धांवपट्टीवर निरुपयोगी. आणि निरुपयोगी, म्हणून ती गेली. पुराव्यादाखल डेटोना येथील फेब्रुवारी १९५९ ची ५०० मैलांची पहिली शर्यत दाखविण्यांत येते. अडीच मैलांच्या त्या नव्या पट्टीवर ५९ मोटारी धांवल्या, त्यांत २० उघड्या होत्या. पहिल्या क्रमांकासाठीं झुंजले ते ली पेटी आणि जॉनी बोशँप, दोघेहि बंद टपाच्या मोटारींत. छायाचित्रें व चित्रफिती तपासून पेटीचा जय जाहीर करण्यास तीन दिवस लागले. आरंभीं सर्वांच्या पुढें उभें राहण्याचा मान खुद्द वेलबॉर्नचा होता. पण त्या दिवशीं त्यानेंहि बंद टपाचीच मोटार आणली होती!

हीं सर्व विधानें आम्हांस मान्य आहेत. त्यांवरून काढलेलें अनुमान मान्य नाहीं. हलक्या वजनाच्या पैलवानाची भारी पैलवानाशीं बेजोड कुस्ती लावावी आणि तो चीत झाला म्हणजे ‘याला कुस्तीच येत नाहीं’ म्हणावें, यांतला हा प्रकार आहे. उघड्या मोटारींची माला स्वतंत्र होती ती याचकरितां. शिवाय डार्लिंगटन येथें १९५७ पासून खास उघड्या मोटारींची ३०० मैलांची शर्यत भरत असे. माला बंद पडल्यावरहि ती १९६२ पर्यंत उघड्या मोटारींचीच राहिली. पाहणारेच नव्हते म्हणावें, तर ही शर्यत कोणासाठीं भरत होती?

खरें कारण निराळें आहे. दोन मालांसाठीं दोन मोटारी बाळगणें खर्चाचें, म्हणून मालकांनीं छप्पर बोल्टांनीं बसविण्याची व काढण्याची युक्ति योजिली. आज छप्पर काढून या शर्यतींत, उद्यां बसवून त्या शर्यतींत! मालकांस आम्ही दोष देत नाहीं. काटकसर हा गुन्हा नव्हे. पण अशी मोटार कोणत्या दुकानांत मिळत होती? १९४९ सालीं स्प्रिंग बदलली म्हणून विजेत्यास बाद करणाऱ्या संस्थेनें पुढें सबंध छप्परच बदललेलें चालवून घेतलें. तीच मोटार आणि तोच चालक दोन्हीकडें दिसूं लागल्यावर प्रेक्षकानें दोनदां पैसे कां मोजावे? मालेचें वेगळेपण वाऱ्यानें नेलें नाहीं. तिच्या रखवालदारांनींच तें घालविलें.

एक आक्षेप मात्र आदरानें ऐकण्याजोगा आहे. छपरामुळें चालकाचें डोकें वांचतें, तेव्हां उघड्या मोटारी गेल्या हेंच बरें झालें, असें कोणी म्हणेल. याच कारणास्तव माला थांबविली असती तर आम्हीं मान लवविली असती. परंतु जिवाची काळजी १९५९ सालीं उत्पन्न झाली, तर तीच डार्लिंगटनच्या चालकांच्या वांट्यास आणखी तीन वर्षें कां आली नाहीं?

परदेशांतील या जुन्या मोटारींशीं आम्हांस काय कर्तव्य, असें वाचक विचारतील. आमच्या भाषेंत चार वर्षें चालून बंद पडलेलीं मासिकें थोडीं नाहींत, आणि त्यांच्याविषयींहि ‘दम नव्हता’ एवढेंच बोलून लोक मोकळे होतात. दम कोणांत नव्हता, लिहिणारांत, वाचणारांत कीं चालविणारांत, हें विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं. अल्पायुष्य हा दोषाचा पुरावा नव्हे. मृत्यूचें कारण शोधल्यावांचून मृतालाच अपराधी ठरविणें हा न्याय नसून आळस आहे, आणि तो आळस आम्हांस तिकडेहि मान्य नाहीं व इकडेहि नाहीं.