मतदार घडतात, नागरिक कोण घडवणार?

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील मुलांना राजकारण शिकवावे लागत नाही, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. ते एका अर्थी खरेही आहे. कोण कोणत्या गटाचा, कुणाचे पॅनेल कुणी फोडले, कारखान्यात कुणाची सत्ता आली, हे आठवीतील पोरगाही पारावरच्या म्हाताऱ्याइतक्याच खात्रीने सांगतो. 1967 साली शरद पवार प्रथम विधानसभेत गेले, तेव्हापासून बारामतीचे नाव राज्याच्या राजकारणातून कधी पुसले गेले नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांच्या रूपाने नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा तर सबंध देशाची नजर या मातीकडे लागली होती.

पण याच मुलांना आपण एक साधा प्रश्न विचारून पाहावा. आपल्या ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कोण मंजूर करते? ग्रामसभेला किती माणसे हजर असली म्हणजे ती कायदेशीर होते? नळाला आठ दिवस पाणी आले नाही, तर अर्ज कुणाच्या नावे लिहायचा? येथे मात्र पारावरचे सारे पांडित्य संपते. पुढाऱ्यांची वंशावळ मुखोद्गत आणि पंचायतीचा कारभार अज्ञात, अशी ही विलक्षण साक्षरता आहे. राजकारण येते, परंतु राज्य कसे चालते ते येत नाही. आमच्या मते हा दोष मुलांचा नव्हे. तो शाळेचा, आणि शाळेइतकाच आपणा पालकांचा आहे.

प्रथम अभ्यासक्रमाकडे पाहू. गेली अनेक वर्षे आपल्या शाळांतून जो क्रम चालत आला आहे, त्यात स्थानिक शासनसंस्था सहावीत शिकवल्या जातात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद या साऱ्यांची ओळख मूल अकरा वर्षांचे असताना उरकली जाते. सातवीत संविधान, आठवीत संसद. 2017 साली नववीला जे पुस्तक लागले त्यात महायुद्धानंतरचे जग, परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे आहेत. 2018 च्या दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष आणि चळवळी येतात. यांतील एकही विषय वाईट नाही. परंतु क्रमाचा विपर्यास पाहा. ज्या वयात मुलाला अर्ज लिहिता येतो, आकडे वाचता येतात, सभेत बसून वाद समजून घेता येतो, त्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याच्या हाती संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद येते. आणि गावची ग्रामसभा मागे, सहावीच्या विसरलेल्या वहीत पडून राहते. न्यूयॉर्कमधील नकाराधिकार पाठ आहे. चावडीशेजारच्या फलकावर लावलेली ग्रामसभेची नोटीस वाचण्याची सवय नाही.

त्यात परीक्षेची भर. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका असते आणि त्यातला मोठा वाटा इतिहासाचा. राज्यशास्त्राच्या पदरी डझनभर गुण पडतात. डझनभर गुणांसाठी वेळ कोण घालवणार? तेव्हा शिक्षक महत्त्वाचे प्रश्न लिहून देतात, मुले पाठ करतात आणि आपण पालक समाधानाने मान डोलावतो. गणिताची शिकवणी लावण्यासाठी आपण बारामतीला खोली भाड्याने घेतो. नागरिकशास्त्राचा तास गेली दोन वर्षे झाला की नाही, याची विचारपूस पालकसभेत आपल्यापैकी किती जणांनी केली आहे?

वास्तविक या दोन तालुक्यांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकाची फारशी गरजच पडू नये. ते येथे शेताच्या बांधावरून वाहते. नीरा डावा कालवा ब्रिटिशांच्या काळात झाला. त्याने बारामतीचा एक पट्टा बागायती केला आणि दुसरा जिरायतीच ठेवला. पाणी इंदापूरच्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचते की नाही, यावर तेथील घरांची सुखदुःखे ठरतात. आवर्तन कधी सुटणार हे कोण ठरवते? कालवा सल्लागार समिती म्हणजे काय, तिच्यात कोण बसते? सात नंबरचा पाणी अर्ज बाप दरवर्षी भरतो. तो मुलाने एकदा तरी वर्गात वाचला आहे काय?

उजनीचेच उदाहरण घ्या. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले, त्यासाठी इंदापूर तालुक्यातील गावे उठली. जलाशय आटला की पळसदेवचे जुने मंदिर अजूनही पाण्यातून वर येते आणि लोक ते पाहायला जातात. त्याच उजनीत पुण्याकडून येणारे पाच टीएमसी सांडपाणी उचलून इंदापूरला देण्याचा निर्णय 2021 च्या एप्रिलमध्ये झाला. सोलापूर जिल्ह्यातून प्रखर विरोध उठला आणि मे महिन्यात तो रद्द झाला. पुढील वर्षी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला मान्यता मिळाली आणि वाद पुन्हा पेटला. या एका प्रकरणात मंत्री, पालकमंत्री, जलसंपदा विभाग, दोन जिल्हे, आंदोलन, शासन निर्णय, सारे राज्यशास्त्र सामावलेले आहे. इंदापूरच्या मुलाने आपली बाजू मांडावी, मग सोलापूरच्या शेतकऱ्याची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडावी, यापरता नागरिकत्वाचा उत्तम धडा कोणता? परंतु हा धडा चहाच्या टपरीवर शिकवला जातो, आणि तेथे एकच बाजू असते.

सहकारी साखर कारखान्यांचेही असेच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा. या दोन तालुक्यांत कारखान्याचा भोंगा ऐकल्यावाचून मूल मोठे होत नाही. 2025 च्या जून महिन्यात उपमुख्यमंत्रिपदावर असलेले अजित पवार स्वतः माळेगावच्या निवडणुकीत उभे राहिले, यावरून या संस्थांचे वजन कळावे. सहकाराचे मूलतत्त्व असे की, दहा एकरवाल्याला एक मत आणि एक एकरवाल्यालाही एकच. दरवर्षी वार्षिक सभेपूर्वी अहवाल सभासदाच्या घरी येतो. त्यात ताळेबंद असतो, कर्ज असते, नफा-तोटा असतो. बहुतेक घरांत त्याचा उपयोग डब्याखाली घालायला होतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराचे पैसे मिळावेत, असा नियम आहे. तो कोणत्या आदेशात आहे हे सभासदाच्या मुलाला शाळेने सांगितले असते, तर पुढे सभासद झाल्यावर सभेत उठून प्रश्न विचारताना त्याचा आवाज कापला नसता.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सज्जनांचा: शाळेत राजकारण नको. आम्ही विचारतो, ते शाळेत नाही असे आपणांस खरोखर वाटते काय? महाराष्ट्रातील कितीतरी शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर पुढारी आहेत. स्नेहसंमेलनाला पुढारी, इमारतीच्या कोनशिलेवर पुढारी, सायकलवाटपालाही पुढारीच. राजकारण पुढच्या दाराने, हारतुऱ्यांसह आत आले आहे. बाहेर ताटकळत उभे आहे ते नागरिकशास्त्र. कोणाला मत द्यावे हे शिक्षकाने सांगू नये, हे आम्हांस शंभर टक्के मान्य. परंतु पंचायतीचा जमाखर्च कसा वाचावा हे सांगणे म्हणजे पक्षाचा प्रचार नव्हे. तो जमाखर्च वाचला जाऊ नये असे ज्याला वाटते, त्याच्याच दृष्टीने ते राजकारण ठरते.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे आम्ही करतोच. आमच्याकडे शालेय मंत्रिमंडळ आहे, युवा संसद भरते, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. उत्तमच. परंतु ज्या मंत्रिमंडळाला शाळेच्या पाण्याच्या टाकीविषयीसुद्धा ठराव करता येत नाही आणि ज्याचा मुख्यमंत्री वर्गशिक्षकच नेमतात, ते काय शिकवते? खुर्ची असते, बिल्ला असतो, अधिकार नसतो. आणि त्याबद्दल कुणी तक्रार करायची नसते. हा धडा मुले नको तितका पक्का करतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलांना शिकवून उपयोग काय, संस्थाच जिवंत कुठे आहेत? पुणे जिल्हा परिषदेची व तिच्या पंचायत समित्यांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. अखेर 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे 2022 च्या जूनमध्ये जे मूल आठवीत गेले, ते 2025 मध्ये दहावी पास होऊन बाहेर पडेपर्यंत त्याने निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य पाहिलाच नाही. पुस्तकात मात्र त्याची कर्तव्ये लिहिली. आम्हांस खंत आहे ती अशी की, याबद्दल या तालुक्यांतील किती वर्गांतून एकदा तरी चर्चा झाली असेल? नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचे लिलाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने तेथील ग्रामपंचायत निवडणुकाच रद्द केल्या. बिनविरोध निवडणूक ही गावाच्या एकीची खूण की बोलीची, हे ओळखायला कुणी शिकवायचे? संस्था दुबळ्या झाल्या म्हणून शिक्षण थांबवणे, हे विहीर गाळाने भरली म्हणून दोर जाळून टाकण्यासारखे आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक सवय आहे. काम अडले की आपण म्हणतो, साहेबांना सांगू. साहेब सांगतात, काम होते, आपण हात जोडतो. त्यात साहेबांना दोष का द्यावा? दाराशी आलेल्याचे काम त्यांनी केले. परंतु जे नियमाने मिळायला हवे होते ते कृपेने मिळाले, आणि बापाने हात जोडलेले पोराने पाहिले. ज्याची साहेबांपर्यंत ओळख नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या पोराला पडत नाही. आपल्यासारख्या, संख्येने थोड्या असलेल्या कुटुंबांना तो पडलाच पाहिजे. मोठ्या समाजाला गर्दीचा आधार असतो. थोड्यांना नियमाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून नियम जाणणे ही आपली हौस नव्हे, गरज आहे.

मग करावे काय? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत आणि त्यांना शासनाचा नवा आदेश लागत नाही.

नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गाने वर्षातून एकदा ग्रामसभा पाहावी. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. मुले मतदार नसल्याने बोलणार नाहीत, परंतु सरपंचांच्या परवानगीने मागे बसून ऐकतील. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतील जी संख्या कमी तितकी माणसे जमली की नाही, हे त्यांनी स्वतः मोजावे. दुसरे, पंचायतीचा अर्थसंकल्प आणि विकास आराखडा वर्गात वाचावा. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावागावाचा आराखडा व खर्च पाहावयास मिळतो. कागदावरचा रस्ता जमिनीवर आहे काय, हे मुलांनी चालत जाऊन पाहावे. तिसरे, प्रत्येकाने एक खरा अर्ज लिहावा, पालकांच्या सहीने तो द्यावा, आणि पोच घ्यावी. शेजारच्या राळेगणसिद्धीहून उठलेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्राला 2002 साली माहितीचा कायदा मिळाला, 2005 साली देशाला मिळाला. दहा रुपयांच्या शुल्कात तीस दिवसांत उत्तर मागण्याचा तो अधिकार दहावीपर्यंत हाताळून झालेला असावा. चौथे, वादाचे विषय टाळू नयेत. सरपंच थेट जनतेतून निवडावा असे 2017 साली ठरले, 2020 साली ते रद्द झाले, 2022 साली पुन्हा आले. यातले बरे कोणते, यावर दोन गट करून मुलांनी भांडावे आणि तास संपताच एकत्र डबा खावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने अभ्यासगट चालवले, कायदा समजून घेतला, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त अंगी बाणवली आणि 2009 साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तेथे ना साखर कारखाना होता, ना मंत्र्यांची वर्दळ. बसून वाचण्याची आणि एकमेकांना विचारण्याची चिकाटी तेवढी होती. सर्व साधनांनी संपन्न असलेल्या बारामती-इंदापूरला ती परवडू नये काय?

1989 साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. 2022 पासून तर सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे आज दहावीत बसलेले मूल दोन-तीन वर्षांत मतदार होणार, ते आपण काही केले नाही तरी होणार. त्याच्याकडे तेव्हा पुष्कळ जण येतील. कुणी झेंडा देईल, कुणी जेवण, कुणी पाकीट. त्याच्या हाती त्यापूर्वी आपण काय दिले, एवढाच प्रश्न आहे. येत्या पालकसभेत गुणपत्रिका पाहून झाल्यावर आपण उठावे आणि मुख्याध्यापकांना आदराने, परंतु स्पष्टपणे विचारावे: आमची मुले ग्रामसभेला कधी नेणार? उत्तराची तारीख लिहून घ्यावी.