तवा म्हैस काहून नाही बोलली?

२००७ च्या गणपतीतली गोष्ट. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, पुण्याहून चार दिवस सुट्टी टाकून घरी मंगरूळपीरला गेलो होतो. (माहीत नसणाऱ्यांसाठी: वाशिम जिल्हा, म्हणजे १९९८ पर्यंतचा अकोला. एकीकडे दादा हयात कलंदरांचा दर्गा, दुसरीकडे बिरबलनाथ महाराजांचं मंदिर. देवाधर्माची आमच्याकडे टंचाई नाही, टंचाई असते ती पाण्याची. :) )

मंडळाच्या पोरांनी पांढरा पडदा बांधून 'संत ज्ञानेश्वर' लावला होता. प्रभातचा, १९४० चा, दामले-फत्तेलालांचा, शाहू मोडकवाला. म्हैस वेद म्हणायला लागली तशा टाळ्या पडल्या, म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. माझ्या शेजारी माझ्या शाळेतल्या मित्राची आई बसली होती. आदल्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला होता. ती टाळ्या वाजवत नव्हती. पडद्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाली,

"मायबाप जित्ते होते तवा हे म्हैस काहून नाही बोलली रे बाबू?"

मला उत्तर सुचलं नाही. आज इतक्या वर्षांनी हा लेख लिहितोय तो त्या एका वाक्यामुळे.

गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंनी परत संसारात पाठवलं, चार मुलं झाली. समाजानं वाळीत टाकलं. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा शास्त्र्यांनी सांगितलं, देहांत प्रायश्चित्त घ्या. परंपरा सांगते की दोघांनी नदीत देह ठेवले. बरं, एवढं करून मुंजी झाल्या का? नाही. चार अनाथ पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. तिथं म्हैस बोलली, शास्त्री वरमले, सगळीकडे जयजयकार.

आता थोडा वेळ भक्ती बाजूला ठेवून ही गोष्ट पेपरमधल्या बातमीसारखी वाचून बघा. नवरा-बायकोला छळून मरायला लावलं, त्यांची पोरं उघड्यावर पडली. दुसरा पोरगा असामान्य निघाला म्हणून गावानं त्याच्या पाया पडून विषय संपवला. त्या दोघांबद्दल माफी कोणी मागितली? कोणीच नाही. आणि आपणही विचारत नाही, कारण तोवर आपले डोळे भरून आलेले असतात.

माझं भांडण चमत्काराशी नाही. चमत्कार हा भक्तिपटाचा हक्कच आहे, जसा मारामारी हा मसालापटाचा. माझं भांडण आहे ते खऱ्या मरणाला चमत्काराचा पूर्वार्ध बनवण्याशी. आपल्या धंद्यात बघा, बग येतो, माणूस खरंच अडकलेला असतो, आणि कोणीतरी शहाणा 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' असा शेरा मारून तिकीट बंद करतो. पुढे कोणी विचारायचं नाही. 'ही सगळी देवाची योजना होती' हा अगदी तसाच शेरा आहे. तिकीट बंद, बग जिथल्या तिथे.

आणि हे आपल्याच धर्माचं दुखणं आहे असं समजू नका. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. त्यावर २०१९ मध्ये 'द लीस्ट ऑफ दीज' नावाचा चित्रपट आला, शर्मन जोशी त्यात पत्रकार आहे. सगळा भर स्टेन्स यांच्या सेवेवर आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांच्या क्षमेवर. क्षमा करणं हा ग्लॅडिस यांचा अधिकार, त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाचं काय? त्यानं काय गमावलंय म्हणून त्यानं क्षमा करायची? तो दुसऱ्याच्या क्षमेवर हलका होऊन घरी जातो. तो जमाव कसा जमला, कोणी पेटवला, हे विचारायचं राहूनच जातं.

'अरे, तो सिनेमा आहे, इतकं काय मनावर घेतोस?' असं काही जण म्हणतील. घेतो, कारण पडद्यावरची भाषा पडद्यावर राहत नाही. मित्राच्या घरी आम्ही सांत्वनाला बसलो होतो तेव्हा ओटीवर काय ऐकू येत होतं? प्रारब्ध. देवाची मर्जी. त्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वाशिम त्यात होता. थकीत कर्जावरचं व्याज माफ होतं, सिंचनाला पैसा होता. म्हणजे मरणाची कारणं व्याज आणि पाणी आहेत हे दिल्लीला कळलं होतं, आमच्या ओटीला नव्हतं. ते अपुरं होतं, उशिरा होतं, सगळं मान्य. पण व्याजाशी भांडता येतं हो, प्रारब्धाशी कसं भांडणार?

बरं, भक्तिपट म्हणजे असाच असणार असंही नाही. त्याच प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' बघा. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, पण त्यात जिजाई आहे. पोर आजारी पडल्यावर थेट देवळात घुसून विठोबावर जोडा उगारणारी, घरात दाणा नाही हे देवाला तोंडावर सुनावणारी. तिला कोणी गप्प बसवत नाही, आणि म्हणून तुकोबांची भक्ती जास्त खरी वाटते. वेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये त्या चित्रपटाचा गौरव झाला, आणि आपल्या आज्यांना तो त्याआधीच आवडला होता. श्रद्धेला धक्का वगैरे काही बसला नाही. दुसऱ्या टोकाला सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). त्यात चमत्कार नाही, आभाळाकडे बघणारा कास्तकार आणि त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारी बायको आहे. तो मंडळाच्या पडद्यावर लागलेला मी अजून बघितला नाही.

देव दाखवा, जरूर दाखवा. फक्त मेलेल्या माणसाच्या बाजूनं निदान एक प्रश्न पडद्यावर राहू द्या, आणि पडद्यावर नसेल तर तो आपण विचारू.

काकू अजून एकादशी करतात, हरिपाठ म्हणतात. त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा पक्की आहे. तरी तो प्रश्न त्यांनाच पडला. आपण शिकलेले लोक मात्र टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा.