लिलावाच्या जागी पट्टी घेऊन उभे राहा



2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी, किती लांबीखालची मासळी पकडू नये हेही सरकारने ठरवून दिलं. पापलेटासाठी ती मर्यादा 135 मिलिमीटर. मुलाच्या कंपासपेटीतली 15 सेंटिमीटरची पट्टी खिशात टाकून मी गेल्या मोसमात बंदरावर गेलो. ट्रॉलरवरून उतरलेल्या एका क्रेटमधली सात पापलेटं मोजली. पाच अकरा-बारा सेंटिमीटरच्या आतच भरली. शेजारी बोटाएवढे राणी मासे, ढोमे, चिरडलेल्या कुर्ल्या फावड्याने ओढणं चाललं होतं. हा माल खायचा नव्हे, फिशमीलचा.

ट्रॉलरच्या ओढजाळ्याचं तोंड दोन जड फळ्या फाकवून धरतात. त्या तळ खरवडत जातात, आणि कोळंबीमागे गेलेलं जाळं वाटेतलं सगळंच पोटात घेतं. म्हणूनच जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे छिद्रं, हवीत, असा नियम आहे. नेहमीचे तिरके आस ताण बसला की मिटतात, चौकोनी उघडे राहतात आणि पिल्लं निसटतात. इतका साधा, शहाणा नियम! पण किनाऱ्यावर वाळत पडलेल्या जाळ्यांचे आस मोजताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

2025पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरतात. हद्द मोडणारी नौका त्यांना दिसेल, त्याचं स्वागतच आहे. पाण्याखालचे आस मात्र वरून दिसत नाहीत.

मी रापणकराच्या घरातला. रापणीच्या जाळ्यातही बारीक मासळी येते, हे मी नाकारत नाही. पण रापण माणसांच्या हातांनी, किनाऱ्यालगत ओढली जाते. इंजिनाच्या जोरावर तासन्‌तास तळ खरवडत नाही. ट्रॉलरवाल्यांवर डिझेलचा आणि कर्जाचा बोजा आहे, हेही खरं. पण पापलेटाचं पिल्लू आज कवडीमोलाने फिशमीलला घालून ते कर्ज कसं फिटणार? 1 जून ते 31 जुलै, पावसाळी मासेमारीबंदीत, आपण सगळेच होड्या वर ओढून बसतो. त्या दोन महिन्यांत वाचलेली पिल्लं ऑगस्टमध्ये फावड्याखाली जाणार असतील, तर आम्ही चुली कशासाठी थंड ठेवल्या?

मत्स्यव्यवसाय खात्याने लिलावाच्या जागी रोज एक माणूस, एक पट्टी आणि एक वजनकाटा द्यावा. मर्यादेखालची मासळी तिथेच जप्त व्हावी, आणि फिशमीलला किती टन गेलं याचा आकडा दर महिन्याला बंदराच्या फलकावर लागावा.

– एक रापणकर, मालवण