समुद्रावरची सूचना आमच्या भाषेतही द्या

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली



आमचे राजेश्वर बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. बिदरच्या हवाई तळावर लढाऊ वैमानिक घडतात, त्यामुळे विमानाचा आवाज आमच्या भागाला नवा नाही. विमानात बसण्याची वेळ मात्र अलीकडची. शिकून परदेशी गेलेली मुले आईवडिलांना बोलावून घेतात, आणि जन्मभर बसवकल्याण-उमरग्याचा बाजार केलेली माणसे हैदराबादेहून निघून थेट महासागर ओलांडतात.

मीही आईला घेऊन धाकट्या भावाकडे अमेरिकेला निघालो होतो. वाटेत विमान बदलले आणि दोनेक तासांत खाली नुसता अटलांटिक. आई डावीकडच्या खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर उन्हाचा चौकोन पडला होता. तो हळूहळू सरकला, नाहीसा झाला, आणि पलीकडच्या खिडक्यांतून ऊन आत आले. शेतात उन्हावरून वेळ ओळखण्यात आयुष्य गेलेली बाई ती. म्हणाली, "ऊन पालटलं रे. आपण माघारी चाललोय."

काही मिनिटांनी इंग्रजीत सूचना झाली. विजेचे एक जनित्र बंद पडले होते आणि खबरदारी म्हणून विमान परत नेत होते. हिंदीतही दोन वाक्ये सांगितली. आमच्या पुढे एक आजी एकट्याच होत्या, लातूरकडच्या. त्यांना सूचना कळली नाही, शेजाऱ्यांचे उतरलेले चेहरे तेवढे दिसले. मी उठून त्यांच्याजवळ वाकलो आणि मराठीत सगळे सांगितले. "म्हणजे पडणार न्हाई ना?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्चीचा दांडा सोडला. तळहातावर दांड्याचे वळ उठले होते.

आम्ही सुखरूप उतरलो. वैमानिकाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. नंतर वाचून कळले, की दोन इंजिनांच्या विमानाला समुद्र ओलांडताना, एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या वेळात, पुष्कळदा 180 मिनिटांत, गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. भर समुद्रात बिघाड झाला आणि नियंत्रकाची परवानगी वेळेत मिळाली नाही, तर वैमानिक किमान 30 अंशांनी वळतो, मूळ मार्गापासून 5 सागरी मैल, म्हणजे साधारण 9 किलोमीटर, बाजूला होतो आणि मगच उंची बदलून परततो. आधी विमान सांभाळायचे, मग दिशा धरायची आणि त्यानंतर बोलायचे, हा त्यांचा क्रम. तो योग्यच आहे.

पण बोलणे तिसरे असले तरी ते टळत नाही. 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' वांद्र्याच्या समुद्रात कोसळले आणि 213 जीव गेले. विमानाचा कल दाखवणारे कप्तानापुढचे उपकरण बिघडले होते. दुसऱ्या उपकरणाकडे बघा, असे फ्लाइट इंजिनिअर सुचवत होता. तोवर हातात काही सेकंदच उरले होते. 25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कजवळ आविआंकाचे विमान इंधन संपून पडले. इंधन कमी आहे हे वैमानिकांनी सांगितले होते, पण 'आणीबाणी' हा शब्द नियंत्रकाकडे उच्चारलाच गेला नाही. 73 माणसे गेली.

अशा अपघातांतून जग शिकले. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारा वैमानिक आणि नियंत्रक यांना ठरावीक पातळीचे इंग्रजी आलेच पाहिजे, असा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2008 पासून लागू केला. आकाशात दोन माणसांना एकमेकांचे बोलणे नीट कळणे हा सुरक्षेचा भाग आहे, हे त्यातून मान्य झाले. मग तीच गोष्ट प्रवाशाच्या बाबतीत का मान्य होऊ नये? घाबरलेला, सूचना न कळलेला माणूस चुकीच्या वेळी उठतो, जीवरक्षक जाकीट विमानातच फुगवतो, दाराकडे धावतो.

हे प्रसंग वरचेवर येत नाहीत, पण येतात. 6 जून 2023 ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरवावे लागले. त्यात 216 प्रवासी होते.

म्हणून माझी विनंती अशी. विमान परत फिरणे, दुसरीकडे उतरणे, प्राणवायूचे मुखवटे खाली येणे आणि पाण्यावर उतरणे, या चार प्रसंगांच्या सूचना मराठी, कन्नड, तेलुगू आणि इतर भारतीय भाषांत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायला विमान कंपन्यांना सांगा. वैमानिकावर त्याचा काही भार पडणार नाही. कळ दाबायचे काम केबिनमधल्या कर्मचाऱ्यांचे. कोणत्या भाषा वाजवायच्या ते तिकीट काढतानाच प्रवाशाला विचारता येईल. आज जेवण शाकाहारी की मांसाहारी हे विचारतात, चाकाची खुर्ची हवी का विचारतात. त्यात आणखी एक रकाना वाढेल. खुर्चीसमोरच्या खिशातले सुरक्षेचे पत्रकही त्याच भाषांत मिळावे.

आमच्या सीमाभागात माणूस घरात मराठी, बाजारात कन्नड आणि हैदराबादेत दख्खनी बोलतो. चार भाषा कानावरून गेलेल्या माणसालाही संकटात आईची भाषाच आधी कळते.

माझ्या आईला त्या दिवशी उन्हाने सांगितले. रात्रीच्या विमानातल्या म्हातारीला ते कोण सांगणार? ते काम आपल्या कार्यालयाने हाती घ्यावे, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र,
एक प्रवासी
राजेश्वर, ता. बसवकल्याण, जि. बिदर