भिंतींना भाव नसतो, भाडेकरूला असतो

सेंट लुईसच्या डाउनटाउनमध्ये, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर एक ४४ मजली टॉवर उभा आहे. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची इमारत म्हणून तो ओळखला जायचा. २००६ मध्ये तो सुमारे साडेवीस कोटी डॉलरला विकला गेला. २०१७ मध्ये कंपनी बाहेर पडली, टॉवर रिकामा झाला. २०२४ मध्ये सौदा झाला साधारण ३६ लाख डॉलरला. म्हणजे शंभराच्या वस्तूला दोन रुपयेसुद्धा आले नाहीत!

हे आठवायचं कारण म्हणजे मामांचा फोन. "अरे, खराडीत ऑफिसचा गाळा बघून ठेवलाय. घराच्या भाड्यापेक्षा दुप्पट सुटतील. बिल्डर भाड्याची हमी देतोय." माझी दहा वर्षांची बचत त्यात जाणार होती.

टॉवरचं काय चुकलं? एकच मोठा भाडेकरू, तो गेला आणि सगळंच गेलं. मग करोना आला, घरून काम सुरू झालं. २०२२ पासून व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर गेले, त्यामुळे नवं कर्ज काढून इमारत दुरुस्त करणंही महागलं. "मग फ्लॅट करा की" असं आपण सहज म्हणतो. पण एवढ्या रुंद मजल्यांवर मधल्या खोल्यांना खिडकी कुठून देणार, आणि नळ-ड्रेनेज कुठून फिरवणार? खालची सँडविचची दुकानंही मग टिकत नाहीत. इथे काम करणाऱ्यांच्या पगारावर शहर एक टक्का कर घेतं. माणसं आली नाहीत तर झळ शहराच्या तिजोरीलाही बसते.

पुणे म्हणजे सेंट लुईस नव्हे, हे मान्य. तिथे कंपन्या येताहेत, जागेला मागणी आहे. पण प्रश्न तेच राहतात. हमी देणारा बिल्डर उद्या थकला तर? बऱ्याच करारांत नऊ वर्षं लिहिलेली असतात, पण भाडेकरू बांधील असतो पहिली तीनच. शिवाय मालक अनिवासी असेल तर भाड्यातून ३० टक्क्यांहून जास्त कर आधीच कापला जातो. परतावा मिळाला तरी विवरणपत्र भरल्यावर.

आणि खरी गंमत पुढे आहे. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. ज्या ऑफिसांच्या भाड्यावर आपण आयटीवाले पैसे लावतो, ती रिकामी करणारेही आपणच!

मामांना मी नाही म्हटलेलं नाही. एवढंच म्हणालो, "मामा, गाळा नंतर दाखवा. आधी भाडेकरू कोण ते सांगा, आणि करार पाठवा." फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "करार मीही अजून पाहिला नाही रे."

मंडळी, गावाकडून असा फोन आला तर लाजू नका, करार मागा. नात्याला त्याने बाधा येत नाही. पैसे बुडाले तर मात्र नक्की येते.