डिफरन्शियल कोणी बसवले?

मोटारीचा एखादा भाग बदलला की ती मोटार बाटली, असे मानणारा एक पंथ अलीकडे आपल्याकडे बळावला आहे. या पंथाचे लोक मुंबईत राहतात, शनिवार-रविवारी आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर येतात आणि जुन्या मोटारी बाळगतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहणारी मोठी बोट सुरू झाली, तेव्हापासून थळच्या वाड्यांतल्या अरुंद वाटांवर असली वाहने वरचेवर दिसू लागली. जुनी वस्तू जपण्याचा हा नाद वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझे भांडण आहे ते या पंथाच्या हिशेबाशी. मोटारीवरच्या प्रत्येक खिळ्याची वंशावळ यांना पाठ असते. तो खिळा ज्याने बसवला त्या माणसाचे नाव मात्र विचारू नये.

निमित्त एका मोटारीचे आहे. ट्रायंफ कंपनीची स्पिटफायर, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची. ही गाडी इंग्लंडात १९६२ ते १९८० पर्यंत झाली. थळला आलेल्या गाडीचे डिफरन्शियल गेले होते. वेग घेताना मागून एक सूर निघे, पाय उचलला की दुसरा, आणि गिअर बदलताना खाडकन हिसका बसे. मालकांच्या स्नेह्यांत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, बदलाल तर गाडीची किंमत गेली. दुसरा म्हणाला, त्यात काय, पेटी मागवायची आणि चार बोल्ट आवळायचे. हे दोन्ही तट सारखेच अडाणी आहेत.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे ज्यांनी कधी मोटारीखाली डोके घातले नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेच्या मैदानावर मुलांची ओळ वळवून पाहा. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो; बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांब लांब ढांगा टाकाव्या लागतात. दोघांनी सारखीच पावले टाकायची म्हटली तर ओळ मोडते. मोटारीच्या मागच्या दोन चाकांचे असेच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची दोन्ही चाके आसाभोवती आपापली फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत जोर चाकांनाच द्यायचा असतो, आणि तो देऊनही त्यांना कमीजास्त फिरू द्यायचे असते. ही युक्ती आजच्या स्वरूपात १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने बांधली. घड्याळजीने, बरे का! हातात चिमटा धरून दाते बसवणाऱ्या माणसाने.

आता पहिल्या तटाकडे वळू. भाग बदलला म्हणून वस्तू बदलते काय? आमच्या बंदरातल्या होडीची कुजलेली फळी काढून नवी ठोकतात. होडीचे नाव तेच राहते आणि नारळी पौर्णिमेला नारळही तीच घेऊन जाते. दर वर्षी पावसाळ्याआधी आम्ही कौले चाळतो, फुटकी काढून दुसरी घालतो. म्हणून कोणी आजोबांचे घर परके झाले असे म्हणत नाही. बरे, सरकारचे तरी काय म्हणणे आहे? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, ही त्यातली अट. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. या अटीत डिफरन्शियलचे नावही नाही. आणि का असावे? जो भाग झिजण्यासाठीच जन्माला आला तो झिजला, तर तो बदलणे हाच त्या गाडीचा धर्म राखणे होय. घरघर करणारे डिफरन्शियल तसेच ठेवून गाडी काचेआड उभी करायची असेल तर खुशाल करा. पण मग तिला मोटार म्हणू नका, देव्हारा म्हणा.

दुसऱ्या तटाचे अज्ञान मात्र अधिक घातक आहे, कारण ते शहाणपणाचा आव आणते. पेटी मागवा आणि आवळा! पहिली पेटी आली ती मुंबईच्या भंगारातून, एका हेराल्डच्या पोटातली. हेराल्ड ही आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून बनत असे, आणि स्पिटफायर त्याच घराण्यातली असल्यामुळे डिफरन्शियलची पेटी भोकाला भोक जुळून बसते. सगळे खूश. मिस्त्रीने मात्र पेटी बाकावर ठेवली, पुढच्या तबकडीवर खडूची रेघ ओढली, एक बाजू मित्राला घट्ट धरायला लावली आणि दुसरी दोनदा फिरवली. तेवढ्यात पुढची तबकडी किती वेळा फिरते ते मोजले. ती जवळजवळ पाच वेळा फिरली. गाडीच्या मूळ पेटीत ती चाराहून किंचित जास्त फिरत होती.

हा फरक किती, तो आकड्यांत पाहा. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्त्यांचे प्रमाण ४.११, जुन्या ९४८ सी.सी. हेराल्डचे ४.८७५. म्हणजे चाके हजार वेळा फिरावीत म्हणून एका पेटीत इंजिनला ४,११० फेरे मारावे लागतात, दुसरीत ४,८७५. पेटी बसली असती, गाडी चालली असती, आणि सपाट रस्त्यावर इंजिन जन्मभर उगाच ओरडत राहिले असते. ज्या माणसाने हे खडूच्या एका रेघेने पकडले तो दहावीला गणितात नापास झालेला आहे. त्याच्या गुणपत्रिकेवर त्याच्या बुद्धीबद्दल जे लिहिले आहे ते आणि त्या बाकावर जे दिसले ते, यांतले खरे कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी पेटी योग्य प्रमाणाची मिळाली, तरी काम संपले नव्हते. आत एक मोठे दातेरी चक्र आणि एक लहान, क्राउन आणि पिनियन, ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते. एकाचा नवरा दुसरीला देऊन चालत नाही. दात नुसते एकमेकांत अडकून भागत नाही. त्यांच्यात हवी तेवढीच मोकळीक लागते, ०.१० ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागदाएवढी. कमी झाली तर दात तापून खरवडतात, जास्त झाली तर हिसके बसतात. ती साधायला पातळ पत्र्या घालायच्या किंवा काढायच्या. मग दातांना निळा रंग फासून चक्र फिरवायचे आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहायचे. ठसा टोकाशी उमटला तर एक चूक, मुळाशी उमटला तर दुसरी; मधोमध उमटेपर्यंत पुन्हा सगळे खोला. तीन दिवस हे चालले होते. मग गाडीच्या पोटाखाली उताणे निजून, बैठकीमागच्या झाकणातून आडव्या पाट्याच्या नटांपर्यंत हात घालून ते लोखंडाचे धूड वर चढवायचे. एवढे सगळे झाल्यावर जी गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे काहीच ऐकू न येणे. घरघर थांबली, हे या कामाचे एकमेव प्रमाणपत्र.

पुढे त्या गाडीचे एका प्रदर्शनात कौतुक झाले. शेजारी पाटी होती: साल, रंग, कातड्याची जात, मालकांचे नाव. मिस्त्रीचे नाव नव्हते. ते असावे असे कोणाच्या मनातही आले नाही, आणि माझा राग आहे तो नेमका यावर.

आता कोणी म्हणेल, मास्तर, श्रीमंतांच्या खेळण्यासाठी एवढे रक्त कशाला आटवता? मी मॅट्रिकपुढे न गेलेला माणूस, शाळेत शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. असली गाडी माझ्या सात पिढ्यांत येणार नाही. पण तोच हात मंगळवारी मिनिडोरचे डिफरन्शियल उघडतो, ज्यात बसून आमच्या मावश्या अलिबागच्या बाजारात मासळी नेतात. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या पद्मिनीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक पिढ्यांना घरी पोचवले. कारखान्यातून गाडी येणे थांबले तरी टॅक्सी चालूच राहिली. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा पुरी करून उतरली. एवढी वर्षे तिला कोणी चालवले? कुर्ल्यापासून चोरबाजारापर्यंतच्या काळ्या हातांनी. त्यांतल्या एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

आणि हे हात आता संपत चालले आहेत. आमच्या मिस्त्रीच्या हाताखाली आज एकही पोर नाही. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आहे, तिच्यातून औद्योगिक संस्था उभ्या राहिल्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असतील तिथे उमेदवार घेणे सक्तीचे, चार ते एकोणतीस असतील तिथे ऐच्छिक. एका माणसाचे गॅरेज या हिशेबातच बसत नाही. म्हणजे ज्या बाकावर दाताचा ठसा वाचायला शिकता येते, त्याच बाकाजवळ पोराला उभे करण्याची कायद्यात सोय नाही.

पण कायद्याला कशाला दोष देत बसायचे? खंडेनवमीला हत्यारांवर फूल वाहणारे, दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालणारे आपण, वर्षाचे उरलेले दिवस मुलांना काय सांगतो? “अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात जाशील!” ही धमकी मी प्रत्येक पालकसभेत ऐकतो. सुशिक्षित घरांत तर ती अधिक जोरात ऐकू येते. आणि मग हेच पालक गाडी बंद पडली की तक्रार करतात, हल्ली चांगला मिस्त्री मिळत नाही हो!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जुन्या मोटारींच्या मंडळांनी प्रदर्शनातल्या प्रत्येक पाटीवर, मालकाच्या नावाखाली, काम करणाऱ्याचे नाव घालावे. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागणार नाही. मालकांनी पेटीच्या किमतीवर घासाघीस करावी, हाताच्या किमतीवर करू नये. सरकारने एकट्या मिस्त्रीकडे शिकणाऱ्या मुलाला शिकाऊ उमेदवार म्हणून मान्यता आणि विद्यावेतन द्यावे. आणि या अंकाच्या वाचकांनी, फराळाला जमलेल्या पोरांपैकी एखादे जर खेळण्यातल्या मोटारीची चाके काढून बसले असेल, तर त्याच्या पाठीत धपाटा घालण्याआधी त्याला ती परत बसवता येतात का, एवढे पाहावे.