एमआयसीच्या पुढे काय?

धुआंधार धबधबा पाहून पंचवटी घाटाकडे निघालेल्या पर्यटकाचे लक्ष भेडाघाटच्या दुकानांतल्या कोरीव मूर्तींवर जाते. छातीच्या डॉक्टरने आधी कारागिराच्या भुवयांवर बसलेली पांढरी धूळ पाहावी. संगमरवर मुख्यतः कार्बोनेटचा, त्यात सिलिका कमी. पण कोरायला येणारा प्रत्येक दगड संगमरवरच असतो असे नाही. म्हणून जुना खोकला घेऊन आलेल्या रुग्णाला ‘काम काय करता?’ एवढेच विचारून भागत नाही. कोणता दगड कापता, ग्राइंडरने की छिन्नीने, पाणी मारून की कोरडाच, हेही विचारावे लागते. सिलिकेचे कण ज्या मॅक्रोफेजला जायबंदी करतात, तिच्यावरच क्षयाचे जंतू मारण्याची जबाबदारी असते. जंतू लपून राहतात तेही तिच्याच पोटात.

क्षयावर औषध म्हणून पुढे येणाऱ्या प्रतिजैविक पेप्टाइड्सची खरी परीक्षा या मॅक्रोफेजच्या आतच आहे. मानवी मॅक्रोफेज ड जीवनसत्त्वाच्या आधाराने कॅथेलिसिडिन हे असेच पेप्टाइड तयार करते आणि आतला जंतू मारते, हे २००६ मध्ये दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे नेहमीच्या औषधांना ड जीवनसत्त्वाची जोड देऊन चाचण्या झाल्या. २०११ मध्ये लंडनच्या आणि २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या चाचणीचे निष्कर्ष आले; थुंकी लवकर निगेटिव्ह होण्यात एकूण रुग्णांमध्ये ठोस फरक आढळला नाही. बशीतले यश वॉर्डापर्यंत पोचले नाही.

क्षयोपचारात पेप्टाइड नवेही नाही. कॅप्रिओमायसिन हे चक्रीय पेप्टाइडच. महिनोन्‌महिने सुया, कानांत गुणगुण, मग बहिरेपण, वाढत जाणारे क्रिएटिनिन, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली. औषध जंतूला भारी पडत होते, पण रुग्णालाही. आज बीपाल-एमसारखे सहा महिन्यांचे, फक्त गोळ्यांचे उपचार हाताशी आहेत. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही आढळू लागले आहेत, त्यामुळे नव्या औषधाची गरज कायम आहे. मात्र नव्या पेप्टाइडला आता या गोळ्यांच्या बरोबरीने उभे राहावे लागेल.

साधने आपल्याकडे आहेत. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने उभारलेला ‘कॅम्प’ हा प्रतिजैविक पेप्टाइड्सचा संग्रह २०१० पासून जगभरच्या संशोधकांसाठी खुला आहे. जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेने श्योपूरच्या सहारिया समाजात लाख प्रौढांमागे १,५१८ जणांना फुफ्फुसाचा क्षय असल्याचे त्याच वर्षी मांडले. रेणू सुचवणारे आणि रुग्ण ओळखणारे एका टेबलाशी बसले, तर कामाची दिशा पहिल्या दिवसापासून बदलेल.

म्हणून या अंकापासून आम्ही एक नियम करत आहोत. क्षयावरील पेप्टाइडचा निबंध पाठवताना चार गोष्टी जोडाव्यात: मॅक्रोफेजच्या आतल्या आणि निद्रिस्त जंतूंवरचा परिणाम, रुग्णांकडून मिळालेल्या औषधरोधक जंतूंवरचा परिणाम, सीरममधला टिकाव व मानवी पेशींवरचा विषारी परिणाम, आणि औषध सुईविना देण्याची वाट. नुसत्या एमआयसीवर, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेवर, थांबणारा निबंध परत येईल. सिलिकेने जखमी झालेल्या मॅक्रोफेजवर कोणी प्रयोग करत असेल, तर त्याच्यासाठी अंकाचे पहिले पान राखून ठेवले आहे.